थांबण्यापुरतं इंग्रजी

थोरल्या बाई दमत नसत. हे आधी सांगून टाकलेलं बरं. इमारतीत ते सगळ्यांना माहीत होतं, आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांना थोरल्या बाई स्वतः थांबवून सांगत.

लिफ्ट बंद पडून चार महिने झाले होते. कुठल्याशा कचेरीत तिचा कागद अडकला होता म्हणे, आणि तो सुटेपर्यंत लिफ्टच्या दाराला सुतळी बांधून ठेवली होती, जणू ती एकटीच कुठे निघून जाणार होती. थोरल्या बाईंचं घर चौथ्या मजल्यावर. पायऱ्या बहात्तर, वय एकोणसत्तर. “पायऱ्या माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठ्या आहेत,” असं त्या म्हणत, आणि यावर काय बोलावं ते समोरच्याला सुचायच्या आत दुसऱ्या विषयाला हात घालत. खरी परिस्थिती फक्त त्यांच्या दोन गुडघ्यांना माहीत होती, आणि ते घरचेच असल्यामुळे बाहेर वाच्यता करत नसत.

पण एका रविवारी चिरंजीवांनी त्यांना रंगेहाथ पकडलं. चिरंजीव म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, विमा कंपनीत नोकरीला. वर्षानुवर्षं अपघातांचे कागद वाचून त्याची नजर अशी झाली होती की नुसती खुर्ची दिसली तरी त्याला आधी तिच्यावरून पडणारा माणूस दिसे. तो जिना उतरत होता, आणि तिसऱ्या मजल्यावर आई एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात कठडा धरून डोळे मिटून उभी.

“आई, काय झालं?”

“कुठे काय. विचार करत होते.”

“डोळे मिटून?”

“उघड्या डोळ्यांनी तू दिसतोस, मग विचार कसला सुचतो.”

त्याने पिशवी घेतली. त्याच दिवशी दुपारच्या चहाला त्याने विषय काढला. तळमजल्यावरच्या जोडप्याला वरचं घर हवं होतं. नवरा काहीतरी यंत्रं विकायचा, बायको पडदे शिवायची. सगळे तिला पडदेवाली म्हणत. त्यांनी वर यायचं, यांनी खाली जायचं, सरळ अदलाबदल.

थोरल्या बाईंनी तळमजल्याचं ते घर पाहिलं होतं. त्याची खिडकी स्कूटर लावायच्या जागेवर उघडायची. तिथून जग दिसायचं ते गुडघ्यापासून खाली.

“चाळीस वर्षं मी लोकांना वरून बघितलंय,” त्या म्हणाल्या. “आता काय चपलांवरून ओळखू?”

“तुला जिना झेपत नाही, आई.”

“कोण म्हणतं?”

“मी बघितलं ना आज.”

“मग नीट बघ. महिनाभर बघ. मी दमून थांबलेली दिसले तर ज्या दिवशी म्हणशील त्या दिवशी खाली चालती होईन. नाही दिसले तर हा विषय या घरात पुन्हा निघता कामा नये.”

चिरंजीव कबूल झाला. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांना विम्याच्या कागदातल्या बारीक अक्षरात गाठलं होतं, पण आपल्याच आईने घातलेलं बारीक अक्षर त्याच्या नजरेतून सुटलं. ‘दमून’ थांबायचं नाही असं ठरलं होतं. माणूस दुसऱ्या कुठल्या कामासाठी थांबला तर त्याला कोण काय म्हणणार?

आता काम शोधणं आलं. पहिल्या दिवशी त्या चप्पल नीट करायला थांबल्या. दुसऱ्या दिवशी पिशवी या हातातून त्या हातात घ्यायला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर राहणारे इमारतीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले तेव्हा त्यांच्या आईची तब्येत विचारली. ती माउली जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि थोरल्या बाई समाचाराला गेल्याही होत्या. सेक्रेटरींनी त्यांच्याकडे अशा काळजीने पाहिलं की पाय दुखत असूनही त्या पुढचा मजला तरातरा चढल्या.

वरच्या मजल्यावर पोचल्यावर छातीतला धपधपाट शांत व्हायची वाट पाहत असताना त्यांना सुचलं. वाचन. वाचणाऱ्या माणसाला ‘दमलात का’ असं कोणी विचारत नाही. उलट जरा बाजूनेच जातात. अडचण एवढीच की जिन्यात वाचायला काही नव्हतं. खाली पाण्याच्या वेळेची पाटी होती, तीही एका ओळीची. तेवढ्यात अर्धा श्वासही पुरा होत नाही.

आणि वाचायचं साहित्य तर घरातच होतं. सून शब्दकोशाच्या कचेरीत कामाला होती. इंग्रजी शब्द कुठून आले, पूर्वी त्यांचा अर्थ काय होता, हे शोधून लिहायचं, असं तिचं काम. थोरल्या बाईंचं शिक्षण चौथीपर्यंत. या नोकरीला त्या ‘शब्दांचं माहेर शोधायची नोकरी’ म्हणत आणि कोणी पाहुणा आला की त्याच्यासमोर मुद्दाम म्हणत. लोकांच्या सुना बँकेत जातात, आमची रोज सकाळी डबा घेऊन शब्दाच्या माहेरी जाते. सून यावर कधी काही बोलत नसे. थोरल्या बाईंना ते बोलण्यापेक्षा जास्त लागे.

आता तिच्याकडेच मागायचं म्हणजे नाक कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. थोरल्या बाईंनी ते जागच्या जागी ठेवलं आणि म्हणाल्या, “तुझं ते ज्ञान घरात पडून कुजतंय. चार लोकांच्या उपयोगी पडू दे. तीन पुठ्ठ्यांवर तीन शब्द लिहून दे, पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर लावू. चौथ्यावर नको. तिथे आपलं घरच आहे.”

सुनेने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

“किती मोठं लिहू, आई?”

“वाचायला वेळ लागला पाहिजे. म्हणजे, लोकांना.”

सोमवारी पाट्या लागल्या. मराठी अक्षरात, जाड काळ्या शाईने, चारी कोपरे चिकटपट्टीने चिकटवलेले. पहिल्या मजल्यावर ‘विंडो’. या शब्दाचं माहेर उत्तरेकडच्या थंड मुलखातलं, आणि मूळ अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’. दुसऱ्यावर ‘ट्रॅव्हल’. आज प्रवास म्हणजे मौज, पण हा शब्द ज्याच्या पोटातून आला त्याचा अर्थ कष्ट, आणि त्याच्याही मागे जावं तर माणसाला यातना द्यायचं एक यंत्र. थोरल्या बाई छत्तिसाव्या पायरीवर उभ्या राहून ते वाचत होत्या आणि त्यातला शब्द न् शब्द त्यांना पटत होता.

तिसऱ्या मजल्यावर ‘स्कूल’. जुन्या ग्रीक लोकांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ होता फुरसत. ज्याच्याकडे फुरसत असे तो बसून चर्चा करी, शिके, आणि मग तो जिथे शिके त्या जागेलाच लोक फुरसत म्हणू लागले. थोरल्या बाईंनी हे दोनदा वाचलं. चौथीनंतर त्यांच्या कडेवर एक धाकटा भाऊ आला, मग दुसरा, आणि शाळा सुटली. साठ वर्षं त्यांना कोणीतरी मनात ‘अडाणी’ म्हणत आलं होतं, बहुतेक वेळा त्या स्वतःच. आता एका पुठ्ठ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं की डोक्यात काही कमी नव्हतं, कमी होती ती फुरसत. श्वास केव्हाच जागेवर आला होता, तरी त्या तिथेच उभ्या होत्या.

“आई, दमलीस?” वरून चिरंजीवाचा आवाज आला.

“वाचतेय,” त्या म्हणाल्या. “तूही वाच. पगार घेऊन अपघातच वाचायचे असा काही नियम नाही.”

पहिला आठवडा असा सुखात गेला. मग लोक वाचायला लागले, आणि कुठल्याही चांगल्या गोष्टीत लोक आले की सल्ला येतो. पहिल्या मजल्यावरच्यांचं म्हणणं पडलं की अक्षर थोडं तिरकं हवं. तिसऱ्या मजल्यावर निवृत्त कवायत मास्तर राहत. अजूनही दोन-दोन पायऱ्या एका ढांगेत चढतो असं ते सांगत, मात्र चढताना त्यांना कोणी पाहिलेलं नव्हतं. ते म्हणाले, शब्द जोमदार पाहिजेत, वाचून माणसाचं रक्त सळसळलं पाहिजे. सेक्रेटरी म्हणाले की उपक्रम स्तुत्य आहे पण तो आपल्याला विचारून व्हायला हवा होता. हे त्यांनी तीन दिवसांत तीनदा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या पुठ्ठ्यासमोर उभं राहून, भिंतीला एक हात टेकून.

दुसऱ्या सोमवारी सुनेने नवे तीन पुठ्ठे दिले. थोरल्या बाई वर चढता चढता वाचत होत्या, आणि तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. त्या परत खाली गेल्या नाहीत, तेवढी हौस नव्हती, पण आठवून पाहिलं. पहिल्या मजल्यावरचा मजकूर चार ओळींचा होता. दुसऱ्यावरचा सात. आणि हा इथला, जिथे गुडघे खरोखर रडकुंडीला येत, तो चांगला बारा ओळींचा. गेल्या आठवड्यातही असंच होतं. कोणीतरी त्यांचा श्वास मोजून ओळी लिहिल्या होत्या.

त्या संध्याकाळी सून कचेरीतून आली तेव्हा थोरल्या बाईंनी चहा टाकला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिचा कप आधी भरला. तिच्याकडे न बघता म्हणाल्या, “तिसऱ्या मजल्यावरचा अजून दोन ओळी वाढला तरी चालेल.”

“बघते,” सून म्हणाली.

यापुढे या विषयावर दोघींत एक अक्षर निघालं नाही. काही गोष्टी बोलल्या की विटतात.

हे सगळं असंच चाललं असतं तर महिना निभावला असता. पण मध्येच पडदेवाली वर आली, मोजपट्टी घेऊन. थोरल्या बाई अजून त्या घरात राहत होत्या, स्वयंपाकघरात उभ्या होत्या, हातात झारा होता, आणि ही बाई त्यांच्या बाहेरच्या खोलीच्या खिडकीचं माप घेत होती.

“नाइस आहे हो खिडकी, काकू. नाइस उजेड आहे. वाऱ्याचा डोळा म्हणतात ना, गेल्या आठवड्यात वाचलं मी खाली. आमच्याकडे नुसता डोळाच आहे, वारा नाही.” असं म्हणून तिने खिडकीशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने आकडा लिहिला. भिंतीवर. थोरल्या बाईंच्या. “विसरायला होतं हो. पुसून टाकीन नंतर. भिंतही नाइस आहे.”

ती गेल्यावर थोरल्या बाई बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसल्या. मग त्यांनी सुनेला हाक मारली. “ते नाइसचं माहेर कसं आहे गं?”

“फारसं चांगलं नाही,” सून म्हणाली. “लॅटिनमध्ये ‘काही न कळणारा’. इंग्रजीत आला तेव्हा मूर्ख, बावळट असा अर्थ होता. पुढे बदलत बदलत शेकडो वर्षांनी...”

“शेकडो वर्षं राहू दे. पहिल्या मजल्यावर तसाही मजकूर कमीच लागतो.”

हत्यार हाती आलं की माणूस एकावर थांबत नाही. थोरल्या बाईंनी लगेच सेक्रेटरींची चौकशी केली. ‘सेक्रेटरी’ म्हणजे मुळात गुपितं सांभाळायला ठेवलेला माणूस. त्यांनी तो पुठ्ठा सेक्रेटरींच्या दाराशेजारीच लावला. आणि मास्तरांना रक्त सळसळणारा शब्द हवा होता म्हणून त्यांच्या मजल्यावर ‘मसल’. लॅटिनमध्ये अर्थ, छोटा उंदीर. दंडातला गोळा कातडीखाली सरकताना उंदीर पळाल्यासारखा दिसतो म्हणून. चौदा ओळी, सुनेने शब्द पाळला होता.

दोन दिवसांत इमारतीचं तोंड फिरलं. पडदेवालीने पुठ्ठा वाचला आणि तिला बोलताच येईना, कारण तो एक शब्द काढून घेतल्यावर तिच्याकडे फारसे उरत नव्हते. मास्तर दारात उभे राहून म्हणाले, “थोरल्या बाई, चाळीस वर्षं मी पोरांचे उंदीर फुगवत होतो, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“मी नाही म्हणत, मास्तर. लॅटिन म्हणतंय.”

सर्वांत मनाला लावून घेतलं ते सेक्रेटरींनी. लोक आपले गंमत म्हणून जाता-येता विचारत, “काय सेक्रेटरी, कोणतं गुपित सांभाळताय?” दुसरा कोणी असता तर हसला असता. सेक्रेटरी पांढरे पडत आणि घरात जात. थोरल्या बाईंना जरा नवलच वाटलं. एवढ्याशा पुठ्ठ्याने एवढा मोठा माणूस आजारी पडावा?

शुक्रवारी सूचना लागली. जिन्यात विनापरवानगी शब्द लावण्यास मनाई करण्यात येत आहे. ज्यांना शब्द लावायचा असेल त्यांनी तीन प्रतींत अर्ज करावा. अर्जाचा नमुना सेक्रेटरींनी जन्मभर कोर्टाच्या कचेरीत घालवलेल्या हाताने आखला होता. अर्जदाराचे नाव. शब्दाचे नाव. शब्दाचे मूळ गाव. शब्दाचे वय व त्याचा पुरावा. अर्जदाराचे शब्दाशी नाते. त्या मजल्यावरील रहिवाशांची शब्दास हरकत नसल्याचे पत्र.

थोरल्या बाईंनी तिन्ही प्रती भरल्या, सुनेला हात लावू दिला नाही. ‘नाते’ या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘काही नाही. ओळख जिन्यातच झाली.’ अर्ज दुसऱ्या दिवशी परत आला. शब्दाच्या वयाचा पुरावा जोडलेला नव्हता.

प्रकरण सभेपुढे गेलं. सभा रविवारी पाच वाजता, गच्चीवर. तोपर्यंत पुठ्ठे काढून ठेवावेत. थोरल्या बाईंनी दिनदर्शिका पाहिली. हाच तो रविवार. ठरलेल्या महिन्याचा शेवटचा दिवस.

तशी गच्ची त्यांच्या घरापासून एकच मजला वर. तेवढं त्या हसत चढल्या असत्या. पण हजेरीची वही तळमजल्यावर टेबलाला साखळीने बांधलेली असे. मागे एकदा ती हरवली होती तेव्हापासून तसा ठराव होता. ज्याला मत द्यायचं त्याने खाली जाऊन सही करायची आणि मग गच्ची गाठायची. सेक्रेटरींना चिरंजीव म्हणाला की यात काही अर्थ नाही. सेक्रेटरी म्हणाले, अर्थ असल्याशिवाय ठराव झाला असेल का?

तर रविवारी पावणेपाचला थोरल्या बाईंनी खाली सही केली. सही त्या झोकात करत, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढून. आज ते शेपूट जरा जास्तच लांबलं, कारण उभं राहायला तेवढंच निमित्त होतं. चिरंजीव शेजारी उभा होता.

“चढू या?” तो म्हणाला.

“तुझ्यासाठीच थांबलेय.”

पहिला मजला त्या मानेने चढल्या. मान इतकी ताठ ठेवली की पायांना वाटावं वर काही चाललेलंच नाही. भिंतीवर पुठ्ठ्याच्या जागी चिकटपट्टीचे चार डाग होते. त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं. त्या पुढे निघाल्या.

दुसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी मान वर करून छताकडे पाहत उभे होते.

“काय बघताय?” थोरल्या बाईंनी विचारलं. थांबायला दुसऱ्याचं काम मिळालं तरी त्यांना चालणार होतं.

“बल्ब,” सेक्रेटरी म्हणाले. “बल्ब नीट आहे का ते बघतोय.”

दिवसाउजेडी बल्ब बंद होता, आणि सेक्रेटरींच्या कपाळावरून घाम वाहत होता. थोरल्या बाईंना आणखी विचारायचं होतं, पण तोंड उघडलं तर श्वासच आधी बाहेर पडेल अशी भीती वाटली. त्या चालत राहिल्या.

तिसरा मजला. इथून पुढच्या अठरा पायऱ्या त्यांना रोज बारा-चौदा ओळींनंतर चढाव्या लागत. आज एकही ओळ नव्हती. कानात कोणी पिंप वाजवत असल्यासारखा आवाज येत होता. समोर मास्तर आपल्या दाराबाहेर वाकून पायातलं काहीतरी बांधत होते. पायात सपाता होत्या. सपातांना नाड्या नसतात. मास्तर तरीही मन लावून बांधत होते.

थोरल्या बाईंनी मनात सगळी कारणं चाळून पाहिली. चप्पल वापरून झाली होती. पिशवी आज नव्हती. सेक्रेटरींची आई तर वारली होतीच. त्या रिकाम्या भिंतीकडे पाहत राहिल्या, आणि मग, चाळीस वर्षांत ज्या पायरीवर त्यांनी कधी पाऊल सोडून दुसरं काही टेकवलं नव्हतं, तिच्यावर खाली बसल्या.

“दमले,” त्या म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेला आणि त्यांनी डोळे मिटले. आता मुलगा बोलेल. तळमजला, स्कूटरी, लोकांच्या चपला. त्यांनी वाट पाहिली. शेवटी मान वळवून पाहिलं तर चिरंजीव चार पायऱ्या खाली कठड्याला लटकला होता, चेहरा विटेसारखा लाल.

“बोल की,” त्या म्हणाल्या. “जिंकलास ना.”

चिरंजीवाने एक बोट वर केलं. “एक... मिनिट,” तो म्हणाला. पुढचं वाक्य यायला खरोखरच एक मिनिट लागलं. “तुझ्यासाठी... हळू चाललो... असं सांगणार होतो.”

“मग सांग.”

“नाही जमत. आई, तो ट्रॅव्हल मी आठवडाभर रोज वाचत होतो. सकाळी नाही. घरी येताना.”

मास्तरांनी नाडी सोडून दिली आणि भिंतीला पाठ लावून सरळ फरशीवर बसले. “उंदीर संपले आता,” ते म्हणाले. “पुठ्ठा होता तोवर बरं होतं. रागवायला म्हणून पाच मिनिटं उभं राहता यायचं.”

खालून सेक्रेटरी आले, बल्ब सोडून. त्यांच्यामागे पडदेवाली. ती थोरल्या बाईंच्या खालच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, “काकू, त्या दिवशी मोजपट्टी घेऊन आले तेव्हा मी पायऱ्या मोजल्याच नव्हत्या. तुम्ही हे रोज चढता?”

“रोज. भाजी घेऊन.”

“मला कापडाचे गठ्ठे आणायचे असतात. आणि गिऱ्हाईक वर येईल का एवढं चढून?” तिने वर पाहिलं. अजून दोन मजले होते. “खिडकी चांगली आहे हो तुमची. पण तुम्हालाच लखलाभ. आम्ही आहोत तिथेच बरे. यांना मी सांगते.”

महिनाभर छातीवर धरून ठेवलेलं ओझं कोणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवलं होतं, आणि तेही अशा बाईने, जिला त्यांनी पुठ्ठ्यावर मूर्ख ठरवलं होतं. थोरल्या बाईंनी जरा सरकून घेतलं.

“वर ये या पायरीवर,” त्या म्हणाल्या. “तिथे वारा नाही. आणि माझी भिंत पुसू नकोस, राहू दे तो आकडा. पडदे करायचेच आहेत मला.”

अशी सभा जिन्यातच भरली. गच्चीपर्यंत कोणी पोचलंच नाही. आणि तिथे, सगळे आपापल्या पायरीवर बसलेले असताना, सेक्रेटरींनी घसा साफ केला आणि म्हणाले की मला काही सांगायचं आहे. लिफ्टचा कागद कचेरीत अडकलेलाच नाही. तो पहिल्याच महिन्यात परत आला होता. त्यांनी सही चुकीच्या रकान्यात केली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या तपासलेला माणूस, आणि स्वतःची सही चुकली. ते कोणाला सांगवेना. कागद कपाटात पडला होता. “आणि त्यात तो पुठ्ठा लागला,” ते म्हणाले. “जो तो विचारतो, गुपित काय, गुपित काय. मला वाटलं, सगळ्यांना कळलंय.”

पाच महिने. बहात्तर पायऱ्या, रोज दोनदा. थोरल्या बाईंच्या जिभेवर जे आलं होतं त्याने सेक्रेटरी जागच्या जागी वाळले असते. पण तेवढं बोलायला लागणारा श्वास अजून परत यायचा होता, आणि तो येईपर्यंत त्यांना दिसलं की समोरच्या माणसाची अवस्था आपल्यापेक्षा काही वेगळी नव्हती. त्यांनी श्वास लपवला होता, याने कागद.

“उद्या सही करा,” त्या म्हणाल्या. “माझी सून शेजारी उभी राहील. रकाने बघायची तिला सवय आहे.”

ठराव झाला की तिन्ही मजल्यांवर एकेक बाक ठेवावा आणि शब्दांना अर्ज लागू नये. सेक्रेटरींना ठराव लिहून घ्यायचा होता, पण वही खाली साखळीला होती. ती आणायला कोणी उठलं नाही.

संध्याकाळी सुनेने विचारलं, “आता बाक येणार. पाट्या थांबवू का?”

“थांबवतेस कशाला? आता बसून वाचेन. लांब लिही,” थोरल्या बाई म्हणाल्या. “आणि पुढच्या पाहुण्याला मी सांगणार आहे तू नक्की काय काम करतेस ते. तू बस समोर, चुकलं तर सांग.”

बाक आले. दहा-बारा दिवसांनी एका सकाळी थोरल्या बाई दुसऱ्या मजल्यावरच्या बाकावर भाजीची पिशवी शेजारी ठेवून बसल्या होत्या. समोरच्या पुठ्ठ्यावर काय लिहिलंय हे त्यांनी आज पाहिलंही नव्हतं. नुसत्या बसल्या होत्या. खालून जड पावलं आली. एक अंगाने भरलेले साहेब, काखेत फाइल, लिफ्ट तपासायला कचेरीतून आलेले. लिफ्टचं यंत्र गच्चीवर, आणि तपासून होईपर्यंत लिफ्ट चालवायची परवानगी नाही, तेव्हा तपासणाऱ्याला जिना. ते बाकापाशी आले, क्षणभर थांबले, घाईघाईने फाइल उघडली आणि भुवया जुळवून वाचू लागले. वाचता वाचता त्यांची छाती भात्यासारखी वर-खाली होत होती.

थोरल्या बाईंनी फाइलकडे पाहिलं. ती उलटी धरली होती.

त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाकावर जागा केली.

“बसा, साहेब,” त्या म्हणाल्या. “मीही दमलेय.”